देव वाईट वागू शकतो का? चार उत्तरं आणि त्यांचा हिशोब

देव सर्वशक्तिमान असेल तर त्याला पापही करता यायला हवं. आणि येत नसेल तर तो सर्वशक्तिमान कसला? घरातलं कॉलेजात जाणारं पोर हे कधीतरी विचारतंच. आपण 'नसते फाटे फोडू नकोस' म्हणून विषय मिटवतो. खरं तर भल्या भल्या लोकांनी यावर शतकानुशतकं डोकं लावलंय, आणि त्या सगळ्या वादातून माझ्या हिशोबाने चार उत्तरं उरतात. देव मानायचा आहे, पण नेमका कसला मानायचा हे ज्याचं ठरत नाही, त्याच्यासाठी ती शेजारी शेजारी ठेवतो. नास्तिकांनी करमणूक म्हणून वाचायला हरकत नाही.

निवडायच्या आधी स्वतःला एकच विचारा: देव तुम्हाला कशासाठी हवाय? भरवसा ठेवायला, आभार मानायला, की भांडायला? तिन्हींची सोय एका उत्तरात होत नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

करूच शकत नाही

अकराव्या शतकातला अन्सेल्म आणि तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस हे ख्रिस्ती परंपरेत या मताचे खंदे वकील. अक्वायनस म्हणतो, पाप करता येणं ही ताकदच नव्हे. पाप म्हणजे कुठेतरी कमी पडणं. ज्याच्यात काही उणं नाही तो कमी पडेल कसा? अन्सेल्मने स्वातंत्र्याची व्याख्याच दुरुस्त केली. पाप करायची मुभा म्हणजे स्वातंत्र्य असं धरलं, तर देवालाच स्वतंत्र म्हणता येणार नाही. म्हणून ती मुभा स्वातंत्र्यात मोडत नाही. आई लेकराच्या ताटात विष कालवू शकत नाही. त्यासाठी तिला कोणी परतंत्र म्हणत नाही, तसंच हे.

भरवशाच्या बाबतीत हे उत्तर एक नंबर आहे. देवाचा उद्या विचार बदलेल ही धास्तीच नाही.

याची धार बघायची तर मात्र युरोपात नाही, आपल्या पुण्याच्या गंज पेठेत बघावी. महात्मा फुल्यांचा 'निर्मिक', म्हणजे जग निर्माण करणारा, अन्याय करणारा नाही. त्याने सगळे स्त्रीपुरुष सारख्या हक्कांचे घडवले. मग ज्या ग्रंथाने काहींनाच ज्ञान दिलं आणि बाकीच्यांना दारात उभं केलं, तो ग्रंथ निर्मिकाचा असेलच कसा? त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापल्या गेलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त हा धागा सतत लागतो. अक्वायनसने ज्या सिद्धांतावर देवाची बाजू मांडली, जवळपास त्याच सिद्धांतावर फुल्यांनी ग्रंथांची झडती घेतली. देव चांगलाच असतो हे मत मवाळ लोकांचं आहे असं समजणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आता या उत्तरातली अडचण. जगात इतकी दुष्ट माणसं का, असं विचारलं की आस्तिक सांगतो, 'देवाने माणसाला स्वातंत्र्य दिलं. स्वातंत्र्य म्हटलं की वाईट निवडायची वाट उघडी ठेवावीच लागते.' १९५५ मध्ये जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने यावर विचारलं: माणूस एखाद्या वेळी आपणहून चांगलं निवडतो, तर प्रत्येक वेळी आपणहून चांगलंच निवडणारी माणसं देवाने का घडवली नाहीत? पहिलं उत्तर धरणाऱ्याला हा प्रश्न दुप्पट झोंबतो. कारण कधीच वाईट न निवडणारा आणि तरीही पूर्ण स्वतंत्र, असा नमुना त्याच्यासमोर आहेच: खुद्द देव. त्याला जे स्वातंत्र्य पुरलं ते आपल्याला का पुरलं नसतं? माणूस घडलेला, म्हणून अपुरा, असं यावर म्हणतात. मला ते पटत नाही. अपुरेपणामुळे चुका होतील हे कबूल. पण दुसऱ्याचं वाटोळं करण्यात आनंद वाटावा, हे अपुरेपणाच्या खात्यात कसं टाकायचं?

करू शकतो, पण करत नाही

हा वाद इस्लामी परंपरेत एकाच गोटात रंगला होता. मुतझिला पंथातला नवव्या शतकातला नझ्झाम म्हणे, अन्याय करायची शक्तीच अल्लाहच्या ठायी नाही. त्याच पंथातला अबुल हुझैल म्हणे, शक्ती आहे. पण त्याचं शहाणपण आणि दया यांमुळे तो ती वापरत नाही. १९६९ मध्ये नेल्सन पाइक या अमेरिकी तत्त्वज्ञाने वेगळी वाट काढली. 'देव' हे पद आहे. त्या पदावर जो आहे त्याला वाईट वागता येतं. पण तसं वागला तर तो त्या पदाला लायक राहत नाही.

आभार आणि भांडण या दोन्हींसाठी मला हेच उत्तर लागतं. वेगळं वागताच येत नाही त्याचे आभार कसले मानायचे, आणि त्याला जाब तरी काय विचारायचा? आपल्या संतांचा देवाशी जो संसार चालतो तो याच गृहीतावर. जनाबाईचा अभंग आठवा: 'अरे विठ्या अरे विठ्या, मूळ मायेच्या कारट्या'. पुढच्या शिव्या इथे छापण्याजोग्या आहेत, पण सकाळच्या चहाबरोबर नको. अभंगाच्या शेवटी ती स्वतःच सांगते, की अंगणात उभी राहून दासी जनी शिव्या देतेय. नामदेवाच्या घरची मोलकरीण, अंगणातून, सगळ्यांच्या कानावर जाईल अशा आवाजात. तुकोबा तर 'माझे लेखीं देव मेला' इथवर जातात. नियमाने चालणाऱ्या यंत्राला कोणी अशा शिव्या घालत नाही. ज्याला वेगळं वागता आलं असतं त्यालाच घालतो. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते, तेव्हा दर्शनाच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचं विठोबाशी पुटपुटणं ऐका. निम्मी कुरबूरच असते.

याची किंमत भरवशात मोजावी लागते. 'करणार नाही' आणि 'करूच शकत नाही' यांत एक फट राहते, आणि रात्री झोप लागत नाही तेव्हा ती फटच दिसते.

करेल तेच चांगलं

दहाव्या शतकातल्या अश्अरी या इस्लामी धर्मपंडिताचं मत: खोटं बोलणं वाईट का, तर देवाने ते वाईट ठरवलं म्हणून. चांगलं ठरवलं असतं तर चांगलं झालं असतं. देव वाईट करूच शकत नाही, कारण त्याने केलेलं आपोआप चांगलं. यात त्याच्या शक्तीला कुठेही बांध नाही, हा फायदा. पण मग 'देव चांगला आहे' या वाक्याला अर्थ काय उरला? 'देव त्याला हवं ते करतो', इतकाच. आपल्याकडे 'देवाची करणी आणि नारळात पाणी' म्हणून हात झटकणारे बरेचसे नकळत इथेच उभे असतात. मी हे उत्तर कोणालाच सुचवणार नाही.

तो करतच नाही, कर्म करतं

भारतीय वळणाचं उत्तर. गीतेचा पाचवा अध्याय म्हणतो, तो कोणाचं पाप घेत नाही आणि पुण्यही घेत नाही. वेदान्ताच्या मूळ ग्रंथात, ब्रह्मसूत्रात (२.१.३४), आक्षेप सरळ घेतलाय: कोणी सुखी, कोणी दुःखी, मग ईश्वर पक्षपाती आणि क्रूर नाही का? उत्तर: नाही, तो प्रत्येकाच्या कर्माला धरून देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्या पिकांवर सारखा पडतो. भात आणि जव वेगळे उगवतात ते बियाण्यामुळे. अगदी पहिल्या जन्मी कर्म कुठून आलं, या शंकेवर पुढचंच सूत्र सांगतं की संसाराला आरंभ नाही.

युक्तिवाद म्हणून याला तोड नाही. पण पुण्यात पावसाचा दाखला जपून द्यावा. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरलं. धरणातल्या चुका माणसांच्या, ते सोडा. पण नारायण पेठेत घर होतं म्हणून ज्याचं किडूकमिडूक वाहून गेलं आणि टेकडीच्या बाजूला राहत होता म्हणून जो कोरडा राहिला, त्यांच्यातला फरक बियाण्याचा, हे कोणत्या तोंडाने सांगणार? या उत्तरात देव सुटतो आणि बुडालेला आरोपी होतो.

शिवाय कर्मच सगळं बघत असेल तर ईश्वर हवा कशाला, असं वैदिक कर्मकांडाला प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनी आणि जैनांनी विचारलंच. द्वैत वेदान्त मांडणाऱ्या मध्वाचार्यांना हे जाणवलं असावं. स्वतंत्र फक्त विष्णू, कर्मसुद्धा त्याच्याच अधीन, असं ते सांगतात. पण मग कर्माची ढाल गेली आणि आपण पुन्हा पहिल्या प्रश्नाशी.

कोणी काय घ्यावं

आजारपणात, म्हातारपणात नुसता टेकायला देव हवा असेल तर पहिलं घ्या, आणि मॅकीच्या नादी लागू नका. स्वतःच्या वागण्याला शिस्त लावायची असेल तर चौथं उत्तम. फक्त ते स्वतःपुरतं वापरा, शेजाऱ्याच्या दुःखावर नको. माझा कौल दुसऱ्याला. फट राहते ती राहू दे. ज्याच्याशी भांडता येत नाही अशा देवाशी माझं जमत नाही.

एकच घ्यायला हवं असंही नाही. वारकऱ्याच्या घरात दुसरं आणि चौथं सुखाने नांदतात: सकाळी प्रारब्धाचा भोग, संध्याकाळी विठोबाला जाब. पहिलं आणि तिसरं मात्र एका छपराखाली राहत नाहीत. एखाद्या पोथीत देवाच्या नावावर कोणाला हीन ठरवलेलं वाचलं, की पहिल्या मताचा माणूस पोथी बाजूला ठेवतो. तिसऱ्या मताचा माणूस आपल्या मनाला वाईट वाटलं ते खोटं, असं स्वतःला समजावतो आणि पान उलटतो.