चार्ज टायमर मस्तच, पण एकाच ठिकाणी लावा
सहा महिने रोज रात्री इलेक्ट्रिक कारचा चार्ज टायमर (ठरवलेल्या वेळी चार्जिंग करणारी सोय) वापरतोय आणि मनापासून आवडलाय. सुरुवातीला घोळ झाला, कारमध्येही टायमर लावला आणि भिंतीवरच्या चार्जरवरही, दोघांच्या वेळा काही जुळेनात, सकाळी बघतो तर बॅटरी 34 टक्क्यांवरच आणि प्लगजवळचा दिवा नुसता लुकलुकतोय. आता फक्त कारमध्येच ठेवलाय. निघायची वेळ टाकायचा ऑप्शन खरंच भारी, चार्जिंग निघायच्या थोडंच आधी संपतं त्यामुळे थंडीत बॅटरी जरा कोमट असते. लिमिट 80 टक्के, लांब जायचं असेल तरच 100. एकच खटकतं, अचानक निघायचं झालं तर लगेच चार्ज करायचं बटण तीन मेनू आत आहे, ते पहिल्याच स्क्रीनवर हवं होतं राव.