पद्मिनीचा गिअरबॉक्स उतरवणारे उद्यमबागेतील गॅरेज
वडिलांच्या १९७८ च्या प्रीमियर पद्मिनीचा दुसरा गिअर निसटू लागला, म्हणून मी ती खानापूरहून बेळगावच्या उद्यमबागेतील एका जुन्या गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी तेल काढले, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या जोडणीवर खूण केली आणि स्टिअरिंगलगतच्या गिअरदांड्याचे दुवे, स्पीडोमीटरची केबल व क्लचची जोडणी सोडवली. इंजिनाखाली लाकडी ठोकळ्यासह जॅक लावून, बेल हाउसिंगचे (इंजिन व गिअरबॉक्स जोडणाऱ्या, क्लचभोवतीच्या आवरणाचे) बोल्ट निघाल्यावर गिअरबॉक्सचा भार क्लच प्लेटमधील शाफ्टवर क्षणभरही न येऊ देता त्यांनी तो सरळ मागे ओढला. हीच काळजी मला सर्वांत मोलाची वाटली, कारण तिथे घाई केली तर प्लेट वाकते. काम दोन दिवस लांबले, तरी सुटे बोल्ट चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांत पाहून मी निश्चिंत झालो. खर्चाचा अंदाज मात्र लेखी मिळायला हवा होता.