मोसफिल्मच्या वाहिनीवरचे स्मोक्तुनोव्स्की

मॉस्कोच्या मोसफिल्म या चित्रसंस्थेने आपले अनेक जुने चित्रपट यूट्यूबवर विनामूल्य खुले केले असून त्यांतील बऱ्याच चित्रपटांना इंग्रजी उपशीर्षकेही आहेत. दिग्दर्शकापेक्षा एखादा नट धरून ते पाहावेत, असे ठरवून मी इनोकेंती स्मोक्तुनोव्स्की (1925–1994) यांच्यापासून सुरुवात केली, आणि या संग्रहाची खरी श्रीमंती तेव्हा ध्यानात आली.

एल्दार रियाझानोव्ह यांच्या 'बेरेगीस आव्तोमोबील्या' (1966), म्हणजे 'मोटारीपासून सावध', या विनोदी चित्रपटातला देतोच्किन हा साधासुधा विमा प्रतिनिधी लाचखोरांच्या आणि काळाबाजारवाल्यांच्या मोटारी चोरतो, विकतो आणि आलेले पैसे अनाथालयांना पाठवतो. हौशी नाटक मंडळीत तो हॅम्लेट होतो, तर त्याच्याच मागावर असलेला तपास अधिकारी (ओलेग येफ्रेमोव्ह) त्याच नाटकातला हॅम्लेटचा प्रतिस्पर्धी लेअर्टिस. गंमत अशी, की दोनच वर्षांपूर्वी स्मोक्तुनोव्स्कींनी ग्रिगोरी कोझिन्त्सेव्ह यांच्या चित्रपटात खराखुरा हॅम्लेट साकारला होता. अशा ठिकाणी स्वतःच्याच गाजलेल्या भूमिकेची टवाळी करणे सोपे होते. ते मात्र देतोच्किनची निष्ठा जराही हलकी होऊ देत नाहीत, आणि म्हणूनच हसता हसता आपण त्या चोराच्या बाजूचे होऊन जातो.

मिखाईल रोम यांच्या 'एका वर्षातील नऊ दिवस' (1962) मधला भौतिकशास्त्रज्ञ कुलिकोव्ह देतोच्किनच्या अगदी उलट, बोलघेवडा आणि तिरकस आहे. किरणोत्साराची बाधा झालेल्या मित्रासमोर (अलेक्सेई बातालोव्ह) त्याची चेष्टामस्करी सुरूच राहते, पण नजर तिला साथ देत नाही. स्मोक्तुनोव्स्कींच्या अभिनयातले महत्त्वाचे असे बरेच काही दोन वाक्यांमधल्या शांततेत घडत असल्यामुळे, पडद्याच्या तळाशी अक्षरे नसतात तेव्हाच चेहऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे.

चेखव यांच्या नाटकावरचा, स्मोक्तुनोव्स्की वान्या झालेला आंद्रेई कोंचालोव्स्की यांचा 'अंकल वान्या' (1970) मला सर्वांत जवळचा वाटला. मेहुण्यावर, म्हणजे प्राध्यापकावर, झाडलेली गोळी चुकते तेव्हा वान्याच्या रागापेक्षा त्याची शरम अधिक बोचते. डॉक्टर आस्त्रोवच्या भूमिकेतले सेर्गेई बोंदार्चुक तोडीस तोड आहेत.

या संग्रहाची मर्यादा सांगायची तर 'हॅम्लेट' (1964) ही लेनफिल्म या दुसऱ्या चित्रसंस्थेची आणि स्मोक्तुनोव्स्की तपास अधिकारी पोर्फिरी झालेला 'गुन्हा आणि शिक्षा' (1970) ही गोर्की स्टुडिओची निर्मिती असल्यामुळे त्यांचा शोध अन्यत्र घ्यावा लागतो. तो घेऊन 'हॅम्लेट' आधी पाहावा आणि देतोच्किन नंतर.