डिझेल इंजिन, विजेची मोटर की सौर पंप : इंधन भडकल्यावर शेतकऱ्याने काय निवडावे

तेलाचे किंवा कोळशाचे भाव भडकले की लोक आपोआप अक्षय ऊर्जेकडे वळतात, असे सर्रास मांडले जाते. परंतु विहिरीवर पंप बसवायला निघालेल्या शेतकऱ्यापुरते हे अर्धेच खरे आहे. इंधनटंचाईची झळ तिन्ही पर्यायांना बसते. डिझेल इंजिनाला ती दरातून बसते, विजेच्या मोटरीला पुरवठ्याच्या तासांतून आणि सौर पंपाला खरेदीच्या वेळी. यांपैकी कोणती झळ आपल्याला सोसवेल, हे आधी ठरवावे.

पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण एक लीटर डिझेल पिते. वर्षातले 120 दिवस रोज सहा तास पाणी दिले, तर 720 लीटर होतात, आणि लीटरमागे दहा रुपये वाढले की वर्षाचा खर्च 7,200 रुपयांनी चढतो. पुढे तेल उतरले की ही भर निघेल, या भरवशावर मात्र राहू नये. मे 2020 मध्ये जगभर तेल कोसळलेले असताना केंद्र सरकारने डिझेलवरील कर लीटरमागे 13 रुपयांनी वाढवला. नोव्हेंबर 2021 मध्ये 10 आणि मे 2022 मध्ये 6 रुपयांची कपात झाली खरी, पण तोवर भाव कडाडले होते. म्हणजे तेल स्वस्त झाले, तेव्हा तो फायदा शेतापर्यंत पोहोचलाच नाही. तरीही इंजिन ट्रॉलीत टाकून विहिरीवरून ओढ्यावर नेता येते आणि अडीनडीला शेजाऱ्यालाही देता येते. उन्हाळ्यात दोन-चार पाळ्यांपुरतेच ते लागत असेल, तर मोडीत काढण्याची घाई करू नये.

कृषी वीजजोडणी असलेल्यांचे गणित निराळे आहे. राज्यात 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज मिळत असल्यामुळे कोळसा महागला तरी त्यांच्या बिलात फरक दिसत नाही. तो दिसतो भारनियमनात. एप्रिल 2022 मध्ये कोळशाची चणचण आणि उन्हाळ्याची वाढलेली मागणी एकाच वेळी आली, तेव्हा महाराष्ट्राने हे अनुभवले आहे. शिवाय रात्रीची वीज असली की हातात बॅटरी घेऊन, साप-विंचवाची आणि अनेक भागांत बिबट्याची धास्ती बाळगत दारे धरायला जावे लागते. हा धोका रुपयांत मोजता येत नाही, म्हणून हिशेबातून वगळला जातो, आणि ते मला मुळीच मान्य नाही. शेतीपंपांना सौर प्रकल्पांतून वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून आपल्या फीडरवर, म्हणजे आपल्या भागाला वीज देणाऱ्या वाहिनीवर, लवकरच दिवसा वीज येणार असेल, तर थांबणे योग्य. अन्यथा केवळ या एका कारणासाठीही सौर पंपाचा विचार करावा.

सौर पंपाला इंधन लागत नाही, मात्र त्याचा जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच करावा लागतो. तेल भडकले की महागाई वाढते आणि मागोमाग व्याजदरही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. कर्ज काढून पंप घेणाऱ्याला टंचाईचे वर्ष असे दुसऱ्या बाजूने अडवते. म्हणूनच ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेचे मोल मोठे आहे, कारण तीत शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठी पाचच टक्के आहे. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. सकाळी लवकर आणि ढगाळ दिवशी पाणी कमी पडते, ही त्याची उणीव आहे. उलट, पाणी उपसायला पैसा लागत नाही म्हणून बोअर दिवसभर चालू ठेवण्याची सवय लागते आणि भूजल खाली जाते. त्याला ठिबकची जोड हवीच.

जोडणी नसलेल्या आणि वर्षातले तीन-चार महिने डिझेलवर पाणी देणाऱ्या शेतकऱ्याने पुढच्या भाववाढीची वाट न पाहता सौर पंपासाठी अर्ज करावा. पंप निवडताना पावसाळ्यातली भरलेली विहीर नव्हे, तर मे महिन्यातली पाण्याची पातळी सांगावी, नाहीतर ऐन गरजेच्या वेळी पाणी वर चढणार नाही.