देवपूरच्या कायदावर्गात गोळीबाराचे प्रकरण कसे शिकवले जाते

धुळ्याच्या देवपूर भागात पोलीस शिपायांसाठी खात्यांतर्गत उपनिरीक्षक परीक्षेचा एक कायदावर्ग शनिवार-रविवारी चालतो. माझा भाचा तिथे जातो. मी फौजदारी वकिली करतो, म्हणून ‘जमाव नियंत्रण व बलप्रयोग’ हे प्रकरण चालू असताना शिक्षकांची परवानगी घेऊन मीही मागच्या बाकावर बसलो. फी वाजवी आहे, टिपणे स्वच्छ छापलेली आहेत, जागा पुरेशी आहे. हे परीक्षण मात्र त्या एका प्रकरणापुरते आहे, कारण समोर बसलेल्या तरुणांपैकी काहींच्या हाती लवकरच बंदोबस्तावरची तुकडी असेल आणि निःशस्त्र माणसांवर बंदूक रोखायची की नाही, हे त्यांना काही क्षणांत ठरवावे लागेल.

कायद्याची ओळख येथे उत्तम करून दिली जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४८ म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२९. जमावाला पांगण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी देऊ शकतो आणि प्रभारी हजर नसेल तर उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जा नसलेला अधिकारी, हे शिक्षकांनी उदाहरणांसह सांगितले. त्यांची स्वतःची नोकरी पोलीस खात्यात गेलेली असल्याने पुस्तकात न सापडणाऱ्या गोष्टीही त्यांनी दिल्या. ध्वनिक्षेपकावरची सूचना शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली का ते आधी पाहावे, ती लोकांच्या बोलीत द्यावी, तालुक्याचा बंदोबस्त असेल तर अहिराणीतही सांगावी आणि लोकांना निघून जायला किमान एक रस्ता मोकळा ठेवावा, कारण चारही बाजूंनी कोंडलेला जमाव इच्छा असूनही पांगू शकत नाही. हा तास मी अतिशय आदराने ऐकला.

त्यानंतर फळ्यावर एक शिडी काढली गेली: सूचना, लाठीमार, अश्रुधूर, प्लास्टिकच्या गोळ्या, गोळीबार. सराव प्रश्नपत्रिकेतही ‘टप्प्यांचा योग्य क्रम लावा’ असा प्रश्न आहे. माझा सर्वांत मोठा आक्षेप इथे आहे. खालची पायरी अपुरी पडली की वरची आपोआप हक्काची होते, असा समज या शिडीमुळे विद्यार्थ्याच्या मनात घट्ट बसतो. कलम १४८ मध्ये आदेश न मानणारा जमाव ‘बळाने’ पांगवण्याची मुभा आहे. त्यात बंदुकीचा उल्लेख नाही. जीव घेण्याइतके बळ केव्हा वापरता येते, याचे उत्तर शोधायला भारतीय न्याय संहितेतील खासगी बचावाच्या कलमांकडे जावे लागते, आणि तिथे ढोबळमानाने कसोटी आहे ती मृत्यूच्या किंवा जबर दुखापतीच्या वाजवी भीतीची. मालमत्तेच्या बचावात मृत्यू घडवण्याची मुभा मोजक्याच प्रसंगी आहे, उदाहरणार्थ जबरी चोरी किंवा राहत्या घराला आग लावणे. एसटीची काच फोडणे त्यात बसत नाही. संयुक्त राष्ट्रांची १९९० मधील मूलतत्त्वे तर आणखी स्पष्ट आहेत: जाणूनबुजून प्राणघातक गोळीबार फक्त जीव वाचवण्यासाठी अगदी अटळ असेल तेव्हाच. रस्त्यावर ठिय्या मांडून बसलेला जमाव जमावबंदी मोडत असेल, दहा वेळा सांगूनही उठत नसेल, अश्रुधुरानंतर पुन्हा येऊन बसत असेल. तो जोवर कोणाच्या जिवावर उठलेला नाही, तोवर त्याला उचलून गाडीत घालावे, रात्रभर थांबावे लागले तर थांबावे, परंतु त्याच्यावर गोळी चालवता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

एका विद्यार्थ्याने अगदी मनापासून विचारले, “माले दगड लागना ते काय करानं, सर?” प्रश्न योग्य होता, कारण दगडाने पोलीसही मरू शकतो आणि गणवेशातल्या माणसाच्या जिवाची किंमत कमी नाही. शिक्षकांनी ढाल, शिरस्त्राण, अंतर राखणे आणि मागे सरणे यांवर चांगले विवेचन केले. मात्र शेवटी ‘तरीही भागले नाही तर कमरेखाली’ असे म्हणून विषय संपवला. मांडीतील मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांत दगावतो, आणि धावत्या गर्दीत रायफलची गोळी नेम धरलेल्या माणसापाशीच थांबेल याची शाश्वती नसते. कमरेखालचा गोळीबारही प्राणघातकच समजावा, हे त्या ठिकाणी सांगायला हवे होते.

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातील ११ जुलै १९९७ च्या गोळीबाराचा उल्लेख टिपणांत एका ओळीचा आहे. दहा माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, हे समर्थन चौकशी आयोगाने स्वीकारले नाही आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने राज्य राखीव दलाच्या संबंधित अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. जिवाला धोका होता एवढे म्हणून भागत नाही, तो धोका त्या क्षणी खरोखर समोर होता हे नंतर दाखवावे लागते, हे समजावण्यासाठी याहून नेमके प्रकरण मिळणार नाही. धुळ्यातील ६ जानेवारी २०१३ च्या दंगलीत पोलीस गोळीबारात सहा जणांचा मृत्यू झाला, त्याविषयी वर्गात पूर्ण मौन होते. याच शहरात नोकरी करणाऱ्यांसमोर तो विषय काढणे अवघड आहे हे मला कळते, तरीही ते मौन मला खटकले.

आणि नंदुरबार! तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील या गावात ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथी, लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम, हुतात्मा झाले. मुलांनी पांगण्याचा आदेश मानला नव्हता. फळ्यावरच्या शिडीने तपासले तर त्या गोळीबाराला आक्षेप घेणे कठीण होते. जिवाला धोका कोणाला होता, हा एकच प्रश्न विचारला तर तो क्षणभरही टिकत नाही. खानदेशातल्या वर्गाने हे उदाहरण शेजारच्या जिल्ह्यातून आणावे, एवढी माझी मागणी आहे.

परीक्षेतील गुणांसाठी हा वर्ग लावावा, असे मी निःसंकोच सांगेन आणि भाच्यालाही मी तो सोडू देणार नाही. बलप्रयोगाच्या प्रकरणासाठी मात्र विद्यार्थ्यांनी खासगी बचावाची कलमे, म्हणजे भारतीय न्याय संहितेतील ३४ ते ४४, मूळ संहितेतून स्वतः वाचावीत. आणि वर्गाने पुढील तुकडीपासून क्रम लावण्याच्या प्रश्नाऐवजी एखादा प्रत्यक्ष प्रसंग देऊन ‘या क्षणी कोणाचा जीव धोक्यात आहे?’ असे विचारावे. हे मी शिक्षकांना लेखी कळवले आहे.