चहाला साडेतीन तारे, उभ्याच्या गप्पांना पाच, टीव्हीला शून्य

दुकानाचं नाव देत नाही. पुढे तक्रार करायची आहे आणि शेठची माझी ओळख बावीस वर्षांची. पुण्यात सिमला ऑफिसच्या आसपासच्या एका गल्लीतलं अमृततुल्य, एवढ्यावर ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

आधी चहा. पितळी पातेलं, समोर खलात कुटलेलं आलं आणि वेलची, फडक्यातून गाळलेला. पुण्यातल्या बऱ्याच जुन्या अमृततुल्यवाल्यांसारखं याचंही घराणं मूळचं राजस्थानातलं, श्रीमाळी. मराठी मात्र माझ्या भाचीपेक्षा शुद्ध. सकाळी सातचा चहा फक्कड. अकरानंतरचा उकळून उकळून तुरट होतो, तेव्हा जाऊ नका. साखर जास्त असते. ‘कमी साखर’ म्हटलं की शेठ विचारतो, “घातलेली कशी काढू, बाई?” यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी सदतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. किंमत 15 रुपये. क्रीमरोल घेऊ नका.

पण तिथं चहासाठी कोण जातं? एका अंगाला वेधशाळा, चालत पंधरा-वीस मिनिटांवर जिल्हा न्यायालय, आणि मधे आमच्यासारखी सकाळी फिरणारी रिकामटेकडी मंडळी. बसायला बाकडं नाही, शेठनं मुद्दाम ठेवलेलं नाही. त्यामुळे ग्लास हातात असेल तोवरच बोलायचं, ग्लास संपला की भाषण संपलं. मागे पुढचं गिऱ्हाईक उभंच असतं. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या पाहुण्यांना हा नियम लावायला हवा होता.

दुसरं म्हणजे, इथं चूक बोललात तर ती दुरुस्त करणारा माणूस हाताच्या अंतरावर उभा असतो. माझंच घ्या. 2025 मध्ये मान्सून 26 मेलाच पुण्यात आला आणि लगोलग 106 टक्के पावसाचा अंदाज आला. मी फुलवाल्या मावशींना ठणकावून सांगितलं, “यंदा पुण्यात धो धो पाऊस, वेधशाळाच म्हणतेय.” शेजारी वेधशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ खारी बुडवत होते. म्हणाले, “बाई, लवकर येणं वेगळं, जास्त पडणं वेगळं. आणि 106 हा आकडा पुण्याचा नव्हेच, अख्ख्या देशाचा आहे.” मग खारी संपेपर्यंत शिकवणी. जून ते सप्टेंबर देशात सरासरी 87 सेंटीमीटर पाऊस पडतो, ही सरासरी 1971 ते 2020 या पन्नास वर्षांची. त्याच्या 96 ते 104 टक्के पडला तर ‘सर्वसाधारण’ म्हणायचं. “वर्गाची सरासरी वाढली म्हणून तुमच्या शेवटच्या बाकावरचा पोरगा पास होतो का?” असं त्यांनी विचारलं तेव्हा मावशी हसल्या. माझा चहा त्या दिवशी जरा गारच लागला. (सिमला ऑफिस हे नाव का, हेही त्यांच्याकडूनच कळलं. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. पुढं ते दिल्लीला गेलं, नाव इथंच राहिलं.)

कायद्याचं खातं एका निवृत्त शिरस्तेदारांकडे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा आठवडाभर त्यांनी उजळणी घेतली. जुन्या दंड संहितेतलं खुनाचं 302 आता 103, फसवणुकीचं 420 आता 318, जमावबंदीचं 144 म्हणजे नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं 163. शेठला काही पटलं नाही. म्हणाला, “उधारी बुडवणाऱ्याला मी काय ‘तीनशेअठरा’ म्हणू?”

त्यांचा खरा उपयोग मात्र एका विद्यार्थ्याला झाला. पोरगा अधिवास दाखल्याच्या प्रतिज्ञापत्रासाठी 500 रुपयांचा स्टॅम्पपेपर घेऊन, चेहरा पाडून उभा. शिरस्तेदारांनी कागद बघितला आणि कपाळाला हात लावला. “अरे, सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क 2004 पासून माफ आहे. साध्या कागदावर चालतं!” पोरगा म्हणाला, “काका, खिडकीवर तर हाच आणायला सांगितला.” काका काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, कागद कोरा आहे तोवर ठीक, सहा महिन्यांच्या आत परताव्याचा अर्ज कर, थोडे पैसे कापून मिळतील. त्याच्या चहाचे पैसे त्यांनीच दिले. मी आजवर वकिलांना जी काही फी दिली, त्यात एवढं उपयोगी काही ऐकल्याचं आठवत नाही.

राजकारणावर फार लिहीत नाही, ते सगळीकडे सारखंच असतं. पण दुकानासमोरच्या गटाराचं झाकण मोडलेलं होतं आणि महापालिकेत मार्च 2022 पासून प्रशासक. मतदान उजाडलं थेट 15 जानेवारी 2026 ला. या काळात ‘झाकण कोणाला सांगायचं’ हा आमचा कायमचा विषय. मतदानाच्या आदल्या दिवशी एकानं चार बोटं नाचवत सगळ्यांना चार सदस्यांचा प्रभाग समजावला: एका माणसानं चार मतं द्यायची. मावशींनी विचारलं, “मग झाकण चौघांतल्या कोणाचं?” सगळे आपापल्या ग्लासात बघायला लागले.

आता तक्रार. शेठच्या मुलानं मध्यंतरी भिंतीवर टीव्ही लावला. दिवसभर बातम्या. चौकटीत आठ माणसं एकदम ओरडतात, त्यांना ना ग्लास, ना मागे गिऱ्हाईक. आमची सगळी मंडळी माना वर करून बघतात आणि चहा पिऊन निघून जातात. गेल्या महिन्यात पावसावरची एक धडधडीत चूक पडद्यावर आली. वेधशाळेवाल्यांनी तोंड उघडलं, आवाज पोचत नाही हे लक्षात आलं, आणि ते खारी खात राहिले. शेठला म्हटलं, निदान आवाज तरी बंद कर. तो म्हणाला, “रिमोट पोराकडे असतो, बाई.”

तरीही जायचंच असेल तर गुरुवारी जा. त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज नसते.