दामिनी ॲप : वळवाच्या दिवसांत शेतकऱ्याच्या खिशात असावे असे

विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ हे ॲप शेतात राबणाऱ्या प्रत्येक घरातल्या निदान एका मोबाइलवर असायलाच हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते काय सांगते आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घेतले नाही तर त्याचा उपयोग निम्माच होतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते तयार केले असून ते मोफत मिळते. वीज चमकताना ज्या रेडिओलहरी बाहेर पडतात, त्या देशभर बसवलेली संवेदक यंत्रे टिपतात आणि त्यावरून वीज नेमकी कुठे झाली, हे ठरवले जाते. नकाशावर आपण उभे आहोत ती जागा मध्यभागी दिसते, तिच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळे असतात आणि गेल्या ५, १० व १५ मिनिटांत झालेल्या विजा वेगवेगळ्या रंगांच्या ठिपक्यांनी दाखवल्या जातात. ठिपके बाहेरच्या वर्तुळातून आतल्या वर्तुळाकडे सरकू लागले, की वादळ आपल्या दिशेने येत आहे, हे कमी शिकलेल्या माणसालाही एका नजरेत कळते. या ॲपची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

मराठवाड्यात मे महिन्यात हे किती गरजेचे असते, हे शिवारात गेल्यावरच उमगते. दिवसभर अंग भाजून निघालेले असते, चारच्या सुमारास पश्चिमेला आभाळ काळवंडते, वारा सुटतो आणि माणसाची पहिली धाव असते ती कडब्याच्या गंजीवर ताडपत्री टाकायला किंवा लिंबाखाली बांधलेली बैलजोडी सोडायला. वर्षभराची वैरण भिजणार म्हटल्यावर जीव तुटतो, हे मी समजू शकतो. पण उंच गंजीवर चढलेला माणूस आणि एकट्या झाडाखाली थांबलेला माणूस हे दोघेही विजेच्या सर्वाधिक धोक्यात असतात. म्हणून बाहेरच्या वर्तुळात पहिले ठिपके दिसताच गंज झाकून घ्यावी, जनावरे झाडापासून दूर न्यावीत आणि आतल्या वर्तुळात वीज दिसू लागली की हातातले काम तिथेच टाकून पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या चारचाकीत जावे. चारी बाजूंनी उघडे असलेले पत्र्याचे शेड हा सुरक्षित आडोसा नव्हे.

आता उणिवांविषयी. मोबाइलला रेंज नसेल, लोकेशन बंद असेल किंवा बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे सूचना अडकली असेल, तर इशारा पोहोचत नाही. त्याहून मोठी अडचण अशी, की भुईमूग काढायला आलेल्या बायकांपैकी अनेकींकडे स्मार्टफोन नसतो आणि ज्यांच्याकडे असतो त्यांची पिशवी बांधावरच्या बाभळीला टांगलेली असते. शेतमालकाने किंवा मुकादमाने फोन अंगावर ठेवून इशारा मोठ्याने सांगणे, आणि गावात मंदिराच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून तो पुकारणे, हे माणसांनीच करायचे काम आहे. इशारा आला नाही म्हणजे धोका नाही, असेही मानू नये. मेघगर्जना कानावर आली, याचाच अर्थ वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये, हा नियम ॲप असो वा नसो, पाळायलाच हवा.

उन्हाबाबत दामिनीकडून अपेक्षा ठेवू नये, कारण ते त्यासाठी बनवलेलेच नाही. उष्णतेच्या लाटेसाठी भारतीय हवामान विभागाचे ‘मौसम’ ॲप सोबत ठेवावे आणि आपल्या जिल्ह्याला नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी शेतातले जड काम सकाळीच उरकावे. माणूस बरळू लागला, त्याला भोवळ आली आणि अंग तापलेले असले, तर खिशात कांदा ठेवल्याने काही साधत नाही; त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी मात्र घालू नये.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ आणि उष्माघाताने ७३० माणसे दगावली. हे आकडे पाहिल्यावर विजेसाठी स्वतंत्र ॲप का हवे, हा प्रश्न उरत नाही. पाचपैकी चार गुण मी दामिनीला आनंदाने देईन. पाचवा गुण राखून ठेवला आहे तो फोन नसलेल्या मजुरासाठी; त्याच्यापर्यंत हाच इशारा गावच्या भोंग्यावरून आपोआप पोहोचण्याची सोय झाली, तर तोही द्यायला मी तयार आहे.